फक्त माझ्यावरच चालायचं

मित्रांनो, अंगावर 'याला हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेला संगणक तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. तसलाच मी एक जुना संगणक आहे. अशी चिठ्ठी लागली की आपण कोणीतरी मोठे झालो असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पुढे त्या मोठेपणाचं काय झालं ते सांगताना माझी मान अजूनही वर होत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

मला एका बाईंनी स्वतःच्या हातांनी जुळवलं. पेटी एका दुकानातली, पंखा दुसऱ्यातला, आणि बाकीचे अवयव जिथे बरे मिळाले तिथले. शिवणकामाच्या दुकानावर त्यांची एक खोली होती, तेच त्यांचं ऑफिस. खालच्या शिलाई यंत्रांची घरघर फरशीतून वर यायची आणि इस्त्रीच्या वाफेचा वास जिन्यात दरवळायचा. त्या बाईंना सगळे ताई म्हणत. दवाखान्यात नंबर लावायचा प्रोग्राम, पाण्याच्या टाक्यांची पातळी दाखवणारा प्रोग्राम, अशी लहान लहान कामं त्या करत. सगळी माझ्यावर.

आता थोडं कामाचं सांगतो, म्हणजे माझी लाज कशाची ते तुम्हाला कळेल. पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, चित्रं दर वेळी मुळापासून कोणी लिहीत बसत नाही. दुसऱ्यांनी लिहून, तपासून, आयती बांधून ठेवलेली गाठोडी मिळतात. त्यांना ग्राफिक्सच्या लायब्रऱ्या म्हणतात. पुस्तकांच्या लायब्रऱ्यांशी त्यांचा संबंध नाही. सुतार तयार चौकट आणून भिंतीत बसवतो, तसं ते गाठोडं आपल्या प्रोग्रामात बसवायचं. गाठोड्यासोबत आत काय काय आहे हे सांगणारी एक फाइल येते. आधी कंपायलर येतो. तो आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत करतो, आणि त्या फाइलवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. मग येतो लिंकर. हा पक्का संशयी. सांगितलेलं प्रत्येक नाव तो गाठोडं उचकून प्रत्यक्ष शोधतो. एक जरी नाव मिळालं नाही, तर काम जिथल्या तिथे टाकतो आणि लाल अक्षरांत तक्रार मांडून बसतो.

माझ्यावर अशी तक्रार सहसा येत नसे. बाहेरचं कोणी आलं की ताई माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायच्या, "याच्यावर काही अडत नाही." मी फुलून जायचो. माझा पंखासुद्धा जरा जोरात फिरायचा.

ताईंना एक थोरले भाऊ होते. दादा. बसस्थानकावर गाड्या सुटायच्या सूचना तेच द्यायचे. त्यांचा आवाज असा होता की झोपलेला माणूस आपली गाडी नसतानाही उठून रांगेत उभा राहायचा, असं ताई हसत सांगायच्या. एके दिवशी दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं समजायचं, पण अक्षरं मात्र जुळेनात. डावा हात तेवढा राहिला, तोही थरथरणारा.

तेव्हा ताईंनी माझ्यावर एक प्रोग्राम केला आणि दादांच्या घरी बोटाच्या स्पर्शावर चालणारं एक छोटं यंत्र देऊन त्यात तो घातला. पडद्यावर मोठी मोठी चित्रं. पाण्याच्या पेल्याला बोट लावलं की यंत्र म्हणणार, 'पाणी'. घर, दवाखाना, मुलीचा फोटो, वहिनींचा फोटो, राग, दुखतंय, थकवा, सगळं होतं. पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. दादांचं बोट थरथरलं आणि यंत्र म्हणालं, 'पाणी पाणी पाणी पाणी'. वहिनी बिचाऱ्या तांब्या घेऊन धावल्या.

ताईंनी मग थेट त्या आयत्या गाठोड्यातच हात घातला. बोट टेकलं की क्षणभर थांबायचं, थरथर ओळखायची आणि सगळ्याचा मिळून एकच स्पर्श धरायचा, असं एक छोटं फंक्शन, म्हणजे एकाच कामापुरता लिहिलेला प्रोग्रामचा तुकडा, त्यांनी आत भरलं. त्याचं नावही त्या गाठोड्यातल्या इतर नावांसारखंच ठेवलं आणि प्रोग्रामसोबतच्या नावांच्या फाइलीत लिहिलं, म्हणजे कंपायलर अडणार नाही. दुरुस्त केलेलं गाठोडं पुन्हा बांधून त्यांनी माझ्या कंपायलरच्या खास फोल्डरमध्ये सरकवलं. तेव्हापासून लिंकरला ते नाव लगेच मिळायचं.

त्या फंक्शनचं मूळ लिखाण एका तात्पुरत्या फोल्डरात पडून होतं. पुढे माझी जागा भरत आली, तेव्हा ताईंनी साफसफाई केली आणि त्यात तो फोल्डरही गेला. पुसू का, असं मी नेहमीप्रमाणे विचारलं, त्यांनी नेहमीप्रमाणे हो म्हटलं. उरलं ते फक्त बांधलेलं गाठोडं. बांधलेल्या गाठोड्यातून मूळ लिखाण परत काढणं म्हणजे लाडवातून पुन्हा गहू काढण्यासारखं.

वर्षं गेली. ताईंचं काम वाढलं. सुरुवातीला त्या दर आठवड्याला दादांकडे जायच्या. मग कधीमधी. मग प्रोग्रामात नवं चित्र घालायचं असलं की माझ्यावर तयार करून पाठवून द्यायच्या. "दादाचं सगळं नीट चाललंय," असं त्या लोकांना सांगायच्या. ते त्यांना माझ्याकडून कळायचं, दादांकडून नाही. आणि ते फंक्शन आपण लिहिलंय हे त्या साफ विसरून गेल्या.

यंदा दादांच्या घरचं ते स्पर्शाचं यंत्र जळालं. नवीन आणलं, तर त्याचा मेंदूच वेगळ्या घडणीचा निघाला. जुना प्रोग्राम त्यावर उघडेना. नव्या घडणीसाठी सगळं पुन्हा बांधायचं होतं, आणि ते माझ्या म्हाताऱ्या कंपायलरला येत नव्हतं. म्हणून माझ्या शेजारी एक नवा कोरा संगणक आला.

त्याच्यावर काम करायला ताईंनी एका बाईंना घेतलं होतं. त्या आधी शाळेत गणित शिकवायच्या. मुलं मोठी झाल्यावर हे काम शिकून घेतलं. आम्ही त्यांना गणितबाई म्हणायचो, म्हणजे ताई म्हणायच्या आणि मी ऐकायचो. स्वभावाने शांत. उत्तर चुकलं तर आधी प्रश्न पुन्हा वाचायचा, ही त्यांची सवय.

नव्या संगणकावर लिंकरने पहिल्याच फटक्यात लाल अक्षरांचा ढीग घातला. गणितबाई घाबरल्या नाहीत. गाठोडं कुठे ठेवलंय हे लिंकरला सांगायचं राहिलं होतं. ते सांगितलं, ढीग अर्धा झाला. मग लक्षात आलं की आणलेलं गाठोडं जुन्या घडणीचं आहे. नव्या घडणीचं उतरवून घेतलं, ढीग आणखी ओसरला. एक छोटं गाठोडं आधी शोधायला सांगितलं होतं; त्यातली नावं मोठ्यालाच लागत होती, म्हणून ते मोठ्याच्या मागे टाकलं. शेवटी एकच नाव उरलं. काही केल्या ते मिळेना.

मित्रांनो, ते नाव कोणतं हे तुम्ही ओळखलंच असेल. मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, माझ्याच पोटात होतं ते. पण आमच्या जातीला विचारल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मला कोणी विचारत नव्हतं. खरं सांगू का? मला थोडं बरंही वाटत होतं. शेजारचा नवा चकचकीत अडतोय आणि आपलं सगळं सुरळीत आहे, याचा तो हलका आनंद होता.

इकडे दादांच्या घरी रोज फोन व्हायचा. ताई फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलायच्या, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"ताई, झालं का हो?" वहिनी विचारायच्या. "काल काहीतरी सांगत होते. मी पाणी दिलं, चादर दिली, खिडकी उघडली. शेवटी पेला भिंतीवर फेकला त्यांनी. मग स्वतःच रडले."

"होईल वहिनी, एकाच ठिकाणी अडलंय."

दादांची मुलगी दूरच्या शहरात होती. आईबाबांनी आता आपल्याकडेच राहायला यावं, असं तिच्या मनात होतं. एका दुपारी तिचा फोन आला.

"आत्या, बाबा काय म्हणतात? आई तर म्हणते, त्यांना विचारताच येत नाहीये सध्या."

"विचारायचं काय त्यात?" ताई म्हणाल्या. "दादा तिथून हलायचा नाही. मी ओळखते त्याला. तू उगाच जीवाला घोर लावू नकोस."

मग "बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

त्यानंतरचा दिवस मला विसरता येत नाही. दवाखान्यातले दोन पाहुणे आले होते. त्यांच्यासमोरच ताईंनी गणितबाईंना विचारलं, "अजून तेच नाव?"

"हो. या लायब्ररीच्या जितक्या आवृत्त्या मिळाल्या, सगळ्या तपासल्या. हे नाव कुठेच नाही."

"नाही कसं? याच्यावर रोज चालतंय ना?" ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चालतंय म्हणजे आहे. तुम्हाला सापडत नाही, एवढंच म्हणा. शाळेत पाढे शिकवणं वेगळं आणि हे वेगळं."

पाहुण्यांनी चहाच्या कपात बघितलं. गणितबाईंचे कान लाल झाले. ती थाप माझ्या पाठीवर पडली होती ना, ती मला पहिल्यांदाच शाबासकीसारखी वाटली नाही. माझ्या नावावर एका चांगल्या बाईचा अपमान झाला होता.

पाहुणे गेल्यावर गणितबाई उठल्या. "ताई, जुन्यावर एक गोष्ट करून बघू का? काही मोडणार नाही."

ताईंनी मानेनेच हो म्हटलं. चिठ्ठी लागल्यापासून ताईंखेरीज दुसऱ्या कोणाचा हात पहिल्यांदाच माझ्या कळफलकावर पडला. गणितबाईंनी एक कोरा फोल्डर केला. प्रोग्रामची प्रत त्यात ठेवली. गाठोडं मात्र ताजं, जिथून सगळी दुनिया घेते तिथून उतरवलेलं ठेवलं आणि लिंकरला सांगितलं, आधी इथे बघ. मग बांधायचं बटण दाबलं.

माझ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. तेच नाव. हुबेहूब तीच तक्रार.

ताई खुर्ची ओढून जवळ आल्या. "हे कसं झालं?"

"म्हणजे जुळत होतं ते याच्या हुशारीने नव्हे," गणितबाई म्हणाल्या. "याच्या आत कुठेतरी वेगळं गाठोडं आहे. जगात दुसरीकडे नाही असं."

मित्रांनो, खोलीत फक्त माझा पंखा ऐकू येत होता आणि तो बंद करावासा वाटत होता. इतकी वर्षं 'याच्यावर अडत नाही' हे मी माझं कौतुक समजत आलो. ते कौतुक नव्हतंच. एक गोष्ट फक्त माझ्यापाशी होती, आणि ती फक्त माझ्यापाशी आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. मी उद्या बंद पडलो असतो, तर दादांचे शब्द माझ्याबरोबर भंगारात गेले असते.

गणितबाईंनी माझ्या कंपायलरचा फोल्डर उघडला. बाकीच्या फाइलींच्या गर्दीत एका फाइलीची तारीख वेगळी होती. ताईंनी ती तारीख पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. दादा आजारी पडले, त्याच वर्षातली होती.

"हे नाव माझं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दादाच्या बोटासाठी मी लिहिलं होतं. आणि मी तुम्हाला चार लोकांत..."

"दोन होते," गणितबाई म्हणाल्या.

"चुकलं माझं. त्या पाहुण्यांनाही मी फोन करून सांगते."

"सांगा," गणितबाई म्हणाल्या. राग गेला नव्हता, पण आवाज मऊ होता. "शाळेत फळ्यावर माझं गणित चुकलं की मुलं फार खूश व्हायची. आज त्यांचं सुख कळलं मला."

ताईंना हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं.

ते गाठोडं उचलून नव्या संगणकावर नेता आलं असतं, पण ते जुन्या घडणीचं. नव्या घडणीला ते चालणार नव्हतं. पुन्हा लिहिणं भाग होतं. ताई लिहायला बसल्या आणि अडल्या. बोट किती वेळ थांबलं तर स्पर्श धरायचा? थरथरताना किती सरकलं तरी चालेल? तेव्हा त्यांनी हे दादांशेजारी बसून मोजलं होतं. आता काहीच आठवेना. दादांचं बोट हल्ली कसं चालतं, हे तर त्यांना मुळी माहीतच नव्हतं.

त्यांनी वहिनींना फोन लावला. "वहिनी, मला येऊन दादाचा हात बघायला हवा. यायला हवंच होतं मी..."

"तुमचे संगणक काय पाठीवर टाकून आणणार?" वहिनी म्हणाल्या. "आम्हीच येतो. घरात बसून तेही उबगलेत."

ते आले तेव्हा जिन्यात आधी काठीचा आवाज आला. मग एक पाऊल. मग बराच वेळ काही नाही. खालची शिलाई यंत्रं थांबली. खालच्या दुकानातले शिंपीकाका दादांना मागून आधार देत असावेत. ताई दारात उभ्या होत्या. दादा प्रत्येक पायरीवर थांबत होते आणि ताई ते प्रत्येक थांबणं बघत होत्या. दादा वर पोचले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. ताईंनी वाकून त्यांच्या पायाशी बसकण मारली आणि म्हणाल्या, "दादा, तुझ्याकडे यायचं सोडून तुलाच जिना चढायला लावला मी." दादांनी डावा हात ताईंच्या डोक्यावर टेकवला. तो तिथेही थरथरत होता.

मग काम सुरू झालं. दादा नव्या पडद्यावर बोट टेकायचे, गणितबाई आकडे सांगायच्या, ताई लिहायच्या. थरथर आता पूर्वीपेक्षा मोठी होती, आणि बोट चित्राच्या उजवीकडे घसरत होतं. जुनं फंक्शन जसंच्या तसं मिळालं असतं, तरी आता ते पुरलं नसतं. वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत टेकल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

या वेळी फंक्शन आयत्या गाठोड्यात लपवलं नाही. ते ताईंच्या प्रोग्रामातच, स्वतःच्या नावाने, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. लिंकरने सगळी नावं तपासली आणि मुकाट्याने प्रोग्राम बांधून दिला.

यंत्र दादांच्या मांडीवर ठेवलं. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. ते पहिलं काय बोलतील याकडे आम्हा सगळ्यांचे डोळे लागले. दादांनी मुलीच्या फोटोवर बोट टेकलं.

'मुलगी,' यंत्र म्हणालं. एकदाच.

मग घराचं चित्र. मग 'जायचं'.

"तिच्या घरी?" ताईंनी विचारलं. "दादा, तुला तिच्याकडे जायचंय?"

'हो.'

ताई पुढे सरकल्या. "पण तुला तर आपलं घर... मला वाटलं..."

दादांनी मान हलवली. पडद्यावर बराच वेळ शोधलं. मग वहिनींच्या फोटोवर बोट ठेवलं. त्यानंतर 'थकवा'. पुन्हा वहिनींचा फोटो, पुन्हा 'थकवा'. आणि खिडकीकडे पाहिलं, जिथे वहिनी मान कलती करून गाढ झोपल्या होत्या.

पेला भिंतीवर फेकला त्या दिवशी ते हेच सांगत होते.

ताई उठल्या. मग वहिनींना जाग येऊ नये म्हणून फोन घेऊन जिन्यात गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. "मी तुला चुकीचं सांगितलं ग," त्यांचा आवाज आला. "त्याला न विचारताच सांगितलं. आता तो स्वतः सांगेल. थांब, देते त्याच्याकडे."

दादा आणि वहिनी आता मुलीकडे असतात. ताई महिन्यातून एकदा तिथे जातात, आणि परतल्या की गणितबाईंना आधी दादांचं बोट कसं आहे ते सांगतात.

माझ्यावरची चिठ्ठी गणितबाईंनी ओल्या फडक्याने काढली. नंतर मला पुसून अगदी कोरं केलं. आता नव्या घडणीपैकी मला झेपेल तेवढं शिकवून, इथला प्रत्येक प्रोग्राम एकदा माझ्यावर बांधून बघतात. माझ्या पोटात लपवलेलं काही नाही. त्यामुळे माझ्यावर जुळलं, तर ते दुसऱ्याकडेही जुळेल असा भरवसा धरतात. कोरं केल्यावर एवढं सगळं आठवतं कसं, असं तुम्ही विचाराल. बाकीचं पुसलं जातं, मित्रांनो, लाज पुसली जात नाही.

तुमच्याही घरी, शाळेत, एखादी गोष्ट एकाच यंत्रावर किंवा एकाच माणसाच्या हाताने नीट चालत असेल. त्याचं कौतुक जरूर करा, पण ते कशामुळे चालतं हेही एकदा उघडून बघा आणि दुसऱ्या कोणाला दाखवून ठेवा. अडलेल्या माणसावर ओरडण्याआधी त्याच्या शेजारी बसा. आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं वाटलं, तरीही त्याला विचारा. त्याचं बोट थरथरेल, वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.